मालकांचं ताट

मार्गशीर्ष शुद्ध दशमी, शके १८५६. वडीगोद्री.

आले बाई एकदाची सासरी. शहागडहून निघताना वाटलं होतं, गाडीतून हाडं मोजत उतरेन. पण मालकांनी खाली कडबा आणि वर गादी घालून ठेवली होती. दादांनी निघताना ही वही दिली. शाळामास्तरांची लेक आहेस, सासरचं सुख तरी शुद्ध लिही, म्हणाले. तर लिहिते. घर दगडी, दारात आड, मागं गोठा, गोठ्यापलीकडं हरभरा फुलावर आलेला. मालकांचं वय जरा पुढं आहे, उठताना गुडघे धरतात, पण हसतात फार गोड.

सवत आहे, हे माहीत होतंच. सगुणाबाई. मूल झालं नाही म्हणून तिनंच मला पसंत करून आणलं. तिला आक्का म्हणायचं ठरलंय. उंबऱ्यावर भाकरतुकडाही आक्कांनीच ओवाळून टाकला. चेहऱ्यावर राग म्हणून नव्हता. तेच मला आवडलं नाही.

पौर्णिमा.

मालकांना वाढताना आक्का तुपाची एक वेगळी लोटी काढतात. उतरंडीच्या मागं लपवलेली. तूप हिरवट दिसतं. वरणात कुस्करलेल्या भाकरीवर हात सैल सोडून ओततात. मी माझं ताट पुढं केलं, तर मला दुसऱ्या भांड्यातलं वाढलं. चांगलं रवाळ होतं, नावं ठेवायला जागा नव्हती, पण घास तोंडातल्या तोंडात फिरला. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांचं काय काय असेल, आणि मला एक लोटीसुद्धा उघडी नाही.

वद्य तृतीया.

माहेरी आई दादांच्या ताटात जेवते. इथं मालक उठले की ताट तसंच घासायला जातं, आणि आक्का आपल्या पितळीत वेगळ्या बसतात. मी मालकांना लाडीगोडीनं विचारलं. ते हसले, जेव की, म्हणाले. आक्कांचा मात्र चेहरा उतरला.

“त्या ताटात नको जेवू, पुष्पा. तुला सोसणार न्हाई.”

सोसणार कुणाला नाही, ते मला बराबर कळलं. पाट ओढून बसले. मालकांनी तुपात भिजलेला कुस्करा माझ्यासाठी राखला होता. बोटं चाटून खाल्ला. आक्का चुलीकडं तोंड करून बसल्या होत्या, त्यांना दिसेल अशा बेतानं खाल्ला.

वद्य सप्तमी.

दुपारी विचित्र झालं. जेवून सुपारी कातरत बसले होते, आणि एकाएकी वाटलं, आता काहीतरी होणार. काय, ते कळेना. ऊन रोजचंच, गाई रवंथ करताहेत, आणि माझं काळीज लटलट कापतंय. कुणीतरी वाईट निरोप घेऊन निघालंय, वाटेत आहे, असं वाटलं. एक सुपारी कातरेपर्यंत अख्खी दुपार गेल्यासारखी वाटली. दादांचं काही बरंवाईट तर नाही? माणूस पाठवला. दादा खुशाल आहेत.

वद्य एकादशी.

पुन्हा. रोज जेवणानंतर. मालकांना पाणी देताना तांब्या हातातून सुटला. आक्कांची आज एकादशी. त्या एकट्याच धरतात, आपल्या डब्यातली भगर वेगळी शिजवून खातात. मालक काही धरत नाहीत. आक्कांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि पुन्हा तेच, ताट सोड, म्हणाल्या. ताटावरच डोळा आहे. विष खाईन, पण ताट सोडणार नाही.

अमावास्या.

येतंय. दारापर्यंत आलंय. भिंतीला पाठ लावून बसते, म्हणजे मागून तरी —

मालक आक्कांशी हळू बोलत होते. माझं नाव ऐकलं. मी मेले की मालक पुन्हा तिचे.

हीच करतेय. हीच.

पौष शुद्ध दशमी.

गोठ्यामागं धोतरा माजलाय. आक्का मरायची नाही. नुसती बरळेल, वेड्यासारखे हात मारील. मालकांनी तिला एकदा तसं बघावं, मग मला म्हणावं वेडी.

भगरीच्या डब्यात — झालं. कुणी पाहिलं नाही.

पौष शुद्ध एकादशी. दुपार.

लिहवत नाही. लिहिते.

आक्कांनी भगर वाढून घेतली आणि मला शेजारी बसवलं. आता सांगतेच, म्हणाल्या. ते तूप भांगेचं आहे. अंबडच्या हकीम लालमियाँनी मालकांच्या गुडघ्यांसाठी दिलेलं. मालकांना सवय झालीय. आक्का पूर्वी त्यांच्याच ताटात जेवायच्या. त्यांनाही असंच मरणाचं भय बसलं, तेव्हा त्यांनी पितळी वेगळी केली. गावात भंगेडी म्हणतील म्हणून मालक कुणाला सांगू देत नव्हते. आज त्यांना विचारून सांगताहेत.

“न्हाई होणार काही. तुपाचं भ्या हाय ते, उतरतं. आजपासून माझ्या ताटात जेव.”

मालक दारातून ऐकत होते. डोळे भरले होते त्यांचे. आत आले, आक्कांना खेटून बसले आणि त्यांच्या ताटातला घास उचलला. कधी एकादशी न धरणारा माणूस.

मला ओरडायचं होतं. ओठांवर आलं होतं. पण ते तिच्या ताटात जेवत होते. माझ्या ताटात कधी — तेवढंच मनात आलं. तेवढ्यात दोघांनी —

मी खाल्लं नाही. पोट दुखतंय म्हणाले.

आज तूपही पोटात नाही. तरी तेच येतंय.

दिवस मावळताना.

दोघांची तोंडं कोरडी. डोळे नुसते काळे. आक्का गोधडीवरून काहीतरी वेचताहेत, तिथं काही नाही. गडी हकिमांकडं घोडं घेऊन गेलाय. मी सांगणार होते — सांगितलं नाही. भगरीत चुकून तूप पडलं असेल, असं आक्काच म्हणाल्या. मलाच धीर देत होत्या.

“भिऊ नको. तुझा वाटा झाकून ठेवलाय.”

आता बोलत नाहीत. मालकांनी त्यांचा हात धरलाय. मी हाक मारली, बघितलं नाही. तिचाच हात. कुठं निघालेत, दोघंच? इतक्या वर्षांचे एकमेकांचे, आणि मी पुन्हा दारात —

झाकण काढलंय. गार झालीय.

मला सोडून नाही जायचं. मला सोडून —

एक घास. कडू लागतेय. दुसरा —