कलेजीवरचे फोड

धानोरा, १९८४. रविवार, संध्याकाळ.

मूर्ख! दुसरा शब्द नाही. सुखदेवच्या बायकोच्या यकृतातून मी नारळाएवढी पाण्याची गाठ काढली. ती बरी झाली म्हणून त्याने आज बकरा कापला, मला जेवायला बोलावलं. बकऱ्याच्या कलेजीवरही तसेच पाण्याचे फोड! आणि या शहाण्याने ती उचलून दारातल्या कुत्र्यापुढे टाकली. मी ओरडलोच. हे फोड किड्याचे; ते खाल्लेल्या कुत्र्याच्या विष्ठेतूनच तो किडा माणसाच्या पोटात जातो, एवढंही कळत नाही?

तो गोंधळला. "तुम्हीच तं म्हटलं होतं डॉक्टरसाहेब, फोडाची कलेजी खाऊ नका. मीनं कुठी खाल्ली?"

खरंच की. कुत्र्याचं मी सांगितलंच नव्हतं. आणि वर त्यालाच मूर्ख म्हणत होतो.

निघालो तेव्हा त्याची बायको त्याच कुत्र्याला कुरवाळत होती.

मूर्ख. माझ्यासाठी दुसरा शब्द नाही.