डाव्या खांद्यामागे

७ सप्टेंबर, रविवार. बडनेरा.
आजपासून रोजनिशी. पुढेमागे आत्मचरित्र लिहायचं झालं तर कच्चा माल हाताशी असलेला बरा.
थोडक्यात माहिती: धर्मेंद्र, सेंटर बॅक. वय एकोणतीस. आधार कार्डावर तेहतीस आहे, पण ते शाळेच्या मास्तरांनी अंदाजे टाकलेलं. (बाबा म्हणतात, मास्तरांनी कमीच टाकलं होतं.) अकरा सीझन प्रोफेशनल फुटबॉल. खासियत: गेम वाचणे. ‘या डिफेंडरला मागे बघावंच लागत नाही’ असं गोव्याच्या एका पेपरात आलं होतं.
मागच्या क्लबने कॉन्ट्रॅक्ट वाढवलेलं नाही. शेवटच्या पाच मॅचमध्ये सोळा गोल बसले म्हणून. गोलकीपर कच्चा होता.
त्या पाच मॅचमध्ये शेजारी ललित नव्हता, हे खरं. अकोल्याचा ललित. आम्ही दोघं अकरा वर्षं एकाच डिफेन्समध्ये. मी बॉलवर जायचो, तो माझ्या डाव्या खांद्यामागून ओरडायचा. ‘मागं’ म्हणजे मागे माणूस आहे. ‘सोड’ म्हणजे बॉल सोड, मी घेतो. एप्रिलमध्ये काविळीने गेला. मला जाता आलं नाही, सीझन चालू होता.
संकल्प: पहाटे रनिंग. तळलेलं बंद. अकोल्याला जाऊन ललितच्या आईला भेटणे. आणि आवाजाकडे लक्ष न देणे.

८ सप्टेंबर
आवाजाबद्दल लिहायचं राहिलं. ललितचा आवाज येतो. दिवसाढवळ्या. दाढी करताना, जेवताना. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. हा आवाज मागच्या सीझनचा थकवा आहे.

११ सप्टेंबर
पहाटे रनिंगला निघालो. बाबा झेंडूवर फवारणी करत होते. त्यांनी पंप माझ्या पाठीला अडकवला. हेही वेट ट्रेनिंगच.
तिसऱ्या तासात मागून आवाज आला, ‘मागं.’ वळलो नाही, संकल्प आहे. नंतर कळलं, मागे आमचा बैल सुटून अर्धी ओळ झेंडू खात होता. बाबा अजून बोलत नाहीत.

१६ सप्टेंबर, अमरावती
मोनाली (माझी बायको) कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी मळ काढला आणि कान उत्तम असल्याचं सांगितलं. जिना उतरताना पुन्हा ‘मागं’. आता जास्तच स्वच्छ ऐकू येतं.
मोनाली रिक्षात एवढंच बोलली. “तुमाले काई झालं नाई. त्याच्या मायले भेटून या.”
बायकांना स्पोर्ट्स सायकॉलॉजी कळत नाही.

१९ सप्टेंबर
मोठी बातमी. अकोल्यात नवा क्लब निघतोय. रविवारी, अठ्ठावीसला ट्रायल. सिलेक्शन झालं नाही तर दसऱ्यापासून आमचं फुलांचं दुकान मी बघायचं, असं बाबांशी ठरलंय. ठरलंय ते त्यांच्या समाधानासाठी.
नाव द्यायला आजच अकोल्याला गेलो. ललितच्या गल्लीपर्यंत पोचलोही. मग लक्षात आलं, अशा घरी रिकाम्या हाताने जात नाहीत. परत जाऊन केळी घेतली. तोवर दुपार झाली. म्हातारी बाई झोपली असेल, उठवणं बरं नाही. गाडीत बसलो. मूर्तिजापूर यायच्या आत केळी संपली. केळी टिकत नाहीत.
ललितचं एक शिनगार्डही (नडगीवर बांधायची प्लास्टिकची खोलगट पट्टी) बॅगेतच राहिलं. आमची पद्धत होती: उजव्या पायाला आपलं, डाव्याला दुसऱ्याचं. माझं डावं त्याच्या घरी असेल.

२३ सप्टेंबर
फुलांच्या बाजारात क्रेट उतरवत होतो. ‘मागं.’ वळलो नाही. हातगाडी घोट्यावर आली. सूज.
बर्फ लावून बसलो असताना विचार केला. बैल, हातगाडी. आवाज एकदाही चुकलेला नाही. म्हणजे हा आजार नाही, अ‍ॅसेट आहे. बाकीच्यांना दोन डोळे, मला चार. मीच उगाच घाबरत होतो. संकल्पात बदल: आवाजाकडे पूर्ण लक्ष देणे.

२७ सप्टेंबर
तयारी पूर्ण. घोटा दुखत नाही. दुखला तरी मनात आणायचं नाही. ट्रायल झाल्यावर सरळ ललितच्या आईकडे जाणार, सिलेक्शनची बातमी आणि पेढे घेऊन. म्हणूनच इतके दिवस थांबलो होतो, हे आता लक्षात येतंय.
संध्याकाळभर आवाज अगदी जवळ होता. मानेला श्वास लागावा इतका. अंगावर काटा आला. एक्साइटमेंट.

२८ सप्टेंबर, अकोला
पहिला अर्धा तास तुफान. ‘मागं’ म्हटलं की सरकत होतो. कोच जानराव सर टाचा उंचावून बघत होते.
मग एक उंच बॉल आला. माझाच होता. नुसतं डोकं लावायचं. मागून आवाज आला, ‘सोड.’
सोडला. त्याने ‘सोड’ म्हटल्यावर मी आजवर बॉलला हात-पाय लावलेला नाही, आणि आजवर गोल झालेला नाही.
समोरच्या पोराने बॉल छातीवर घेतला आणि चालत जाऊन गोलमध्ये टाकला.
जानराव सर मैदानात आले. चिडले नव्हते, हेच वाईट. “सोडला त सोडला. पन कोनासाठी सोडला गा?”
मी मागे बोट दाखवलं. तिथे पेनल्टीचा चुन्याचा ठिपका होता.
उरलेला वेळ बाहेर बसलो. पेढे घेतले नाहीत. ललितच्या घरीही गेलो नाही. घोटा फार दुखत होता.

२९ सप्टेंबर
ट्रायलचं विश्लेषण: मैदान उताराचं. ऊन डोळ्यांवर. बॉलमध्ये हवा जास्त.
हे सगळं मी मोनालीला सांगितलं. तिने शिनगार्ड माझ्या बॅगेतून काढून दाराजवळ ठेवलं.

२ ऑक्टोबर, दसरा
दिवसभर झेंडू तोलला. तात्पुरतं आहे.

३ ऑक्टोबर, अकोला
गेलो. रिकाम्या हातानेच. केळी घ्यायला थांबलो असतो तर पुन्हा परत फिरलो असतो.
इंदूबाईंनी, म्हणजे ललितच्या आईने, लगेच ओळखलं. चहा ठेवला. मी शिनगार्ड पुढे केलं. त्या आत गेल्या आणि माझं घेऊन आल्या. पिठाने पांढरं झालेलं. डब्यातून पीठ काढायला ते फार सोयीचं पडतं म्हणाल्या. मला हसू आलं आणि मग ते टिकलं नाही.
मी म्हटलं, ललितला माझा खेळ माहीत होता, माझ्यासारखा गेम वाचणारा...
“काई वाचे नाई तू,” त्या म्हणाल्या. “लल्या सांगे ना. धर्म्याले मागचं काईच दिसत नाई, मायाच आवाजावर खेयते. मी म्हटलं, त मंग सांग ना त्याले मागं पाहाले. त म्हणे, काहून सांगू? त्याच्यावर ओरडलो का मले करमते.”
अकरा वर्षं पेपरचं कात्रण पाकिटात घेऊन फिरलो. ते ललितबद्दल होतं.
त्यांनी ललितचं शिनगार्ड घेतलं, पुसलं आणि माझ्या शिनगार्डासोबत पिठाच्या डब्यात ठेवलं. जोडी झाली म्हणाल्या. पुढच्या खेपेला मोनालीला घेऊन ये म्हणाल्या.
गल्ली संपेपर्यंत आवाज आला नाही.

७ ऑक्टोबर
शुक्रवारपासून आवाज नाही. मोनालीला सांगितलं, मी बरा झालो. तिने देवापुढे साखर ठेवली. बाबांनी दुकानाची किल्ली दिली. मी घेतली.
संध्याकाळी दुकान बंद करून हायवेपाशी आलो. मुद्दाम मागे न बघता रस्ता ओलांडला. मग परत ओलांडला. एक ट्रक करकचून थांबला, ड्रायव्हरने आईवरून शिवी दिली. मी कान देऊन उभा होतो. पुन्हा एकदा ओलांडला.
कोणी ओरडलं नाही.
घरापर्यंत मग मागे बघत बघत आलो.