टुमोंची गोत्रं आणि माझी शेवटची व्यवस्था

मी, वसुमती, कै. सदाशिवराव यांची थोरली मुलगी, वय ६७, अविवाहित, निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, राहणार मानंबुचावडी, तंजावूर, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. माझा धाकटा भाऊ वेंकटराव याला त्याबद्दल शंका आहे, पण ती त्याला माझ्या लहानपणापासून आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला का होईना, कोणी घरी येत असतं तर बरं झालं असतं.

बाबांनी शिकवलेल्या बाळबोध अक्षरांत मी हे लिहीत आहे. आमच्या घरात ती आता कोणाला वाचता येत नाहीत. वकील रामस्वामी यांना येतात, सावकाश. त्यांनी तमिळ प्रत करावी आणि सर्वांसमोर मोठ्यानं वाचावी. लाज वाटली म्हणून ओळी गाळू नयेत.

कलम १. राहतं घर वेंकटरावाला, आणि त्याच्यामागून त्याची मुलगी विनुता हिला. माझ्या खोलीत त्यानं जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचू नयेत. तिरुवैयारूच्या लग्नात पंगतीत बसून त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं, "आमची अक्का बेडकांची लग्नं लावते." ते बेडूक नव्हेत. त्याला शंभरदा सांगितलं आहे, पण पालथ्या घड्यावर पाणी.

कलम २. बँकेतली ठेव मी जिथं शिकवलं त्या शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावी. सूक्ष्मदर्शक घ्यावेत. पंख्यावर देणगीदाराचं नाव रंगवतात तसं माझं कशावरही रंगवू नये.

कलम ३. आईची कल्चट्टी, म्हणजे स्वयंपाकाचं दगडी भांडं, शेजारच्या सीतालक्ष्मीला. ती एका दिवसासाठी म्हणून घेऊन गेली त्याला अकरा वर्षं झाली. निदान आता ती कायद्यानं तिची होईल. ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं, म्हणून या कागदावर तिची सही नाही. ती रुसेल. रुसू दे.

कलम ४. आता खेळाच्या यंत्राबद्दल. हे कलम लांबेल, रामस्वामींनी पाणी पिऊन घ्यावं.

पंज्याएवढं हे यंत्र विनुतानं पहिल्या पगारातून मला आणलं. त्यातल्या खेळात टुमो नावाचे प्राणी पाळायचे असतात. कासवासारखा देह, डोक्यावर एक शिंग. नर-मादीला एका कुंपणात ठेवलं की अंडं मिळतं, आणि ते घेऊन खेळातल्या माणसाला चालवत राहिलं की पिल्लू बाहेर येतं. टुमो तपकिरी असतो. हजारोंत एखादा पांढरा निघतो, निळ्या शिंगाचा. तो मिळवणं हाच सगळा खटाटोप.

मी त्यासाठी एक वही केली आणि प्रत्येक टुमोला गोत्र दिलं. काश्यप, भारद्वाज, आत्रेय, कौंडिण्य. लग्न लागलं की मादीनं नवऱ्याचं गोत्र घ्यायचं. मामा-भाची चालेल, इकडे आपल्यात चालतंच. सगोत्र चालणार नाही. विनुता हसून लोळली. "आत्या, ह्यांला गोत्र कोण दिलं? तूच की." मी म्हटलं, आपल्यालाही कोणीतरी दिलंच असेल.

दीड वर्ष मी अशी रीतसर लग्नं लावली आणि दीड वर्ष तपकिरी पिल्लं मोजली. विनुता सांगून थकली की एकाच आईबापांच्या भावाबहिणीची जोडी लावली तरच दबलेला रंग वर येण्याची आशा असते. "तूच वर्गात शिकवलंस आत्या, वाटाण्याचं." शिकवलं, पस्तीस वर्षं शिकवलं. पण वाटाण्याला मुंज नाही की लग्न नाही. टुमोला डोळे आहेत, तो वळून बघतो.

२०१९च्या मे महिन्यात ती सुट्टीला आली होती. मी त्याच तिरुवैयारूच्या लग्नाला गेले आणि तीन दिवसांनी परतले, तर ही यंत्र घेऊन दारात उभी. पडद्यावर पांढरा टुमो, निळं शिंग. तिनं त्याचं नाव मुत्तु ठेवलं होतं, म्हणजे मोती. मी आधी वही मागितली. आई काश्यप, बाप काश्यप, दोघं एकाच जोडीची पिल्लं. मी "शी, घाण" म्हणाले, तिच्या हातातून यंत्र घेतलं आणि तिच्यादेखत मुत्तुला रानात सोडून दिलं. यंत्र विचारतं, नक्की सोडायचं का. मी हो दाबलं. ते पुन्हा विचारतं. मी पुन्हा हो दाबलं. सोडलेला प्राणी परत मिळत नाही, हे मला ठाऊक होतं.

विनुता एवढंच म्हणाली, "आत्या, तो तुझ्यासाठी होता." दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती गेली. तेव्हापासून दिवाळीला वेंकटरावाच्या फोनवर तिचा फोन येतो आणि ती मला नमस्कार सांगायला सांगते. नमस्कार मला तोच सांगतो, तोंडात विडा धरून.

मेल्यावर लोक भलतंच कारण लावतात, म्हणून खरं लिहिते. १९८२ साली मला एक स्थळ आलं होतं. कुंभकोणमचे शिक्षक. दोनदा घरी आले, आणि दोन्ही वेळा बाबांना सोडून माझ्याशी बोलले, वनस्पतींवर. मग कळलं, त्यांचंही काश्यप, आमचंही काश्यप. बाबांनी नको म्हणून कळवलं. मला कोणी विचारलं नाही आणि मीही आत जाऊन कॉफीचे पेले विसळले. ज्या नियमापायी माझं आयुष्य असं गेलं तो या पोरीनं तीन दिवसांत मोडला, आणि वर मोती काढून दाखवला. हे चालत असेल तर मग माझं काय, असं मला वाटलं. राग तिचा नव्हता. पण समोर ती होती.

पुढं पाच वर्षं मी हट्टानं सगोत्र टाळून मुत्तुसारखा दुसरा काढायचा प्रयत्न केला. निघाला नाही. मागच्या वर्षी मी हात टेकले आणि भावाबहिणीला एका कुंपणात ठेवलं. पहिल्या दिवशी देवघराचं दार लोटून घेतलं होतं. तेव्हापासून आठशे बारा अंडी झाली. सगळी पिल्लं तपकिरी. एकही पांढरं नाही, एकही. धर्म पाळला तेव्हाही नाही, सोडला तेव्हाही नाही. उजवा अंगठा आता वाकत नाही. डॉक्टरांनी विचारलं, शिवणकाम फार करता का. मी हो म्हटलं.

कलम ५. यंत्रातल्या एकाही टुमोला कोणी सोडून देऊ नये. जागा भरली आहे, असं ते सारखं सांगत राहील. तिकडे लक्ष देऊ नये.

कलम ६. माणसाला मृत्युपत्रानं स्वतःचं तेवढंच देता येतं. मुत्तु माझ्याकडे नाही, म्हणून तो मला विनुताला देता येत नाही. यंत्र देता येतं, ते तिला दिलं आहे. मात्र हे कलम माझ्या मरणानंतर लागू होणार नाही, मी जिवंत असेपर्यंतच लागू राहील. रामस्वामी म्हणाले, "अक्का, असलं कलम कुठल्याही कोर्टात टिकणार नाही." मी म्हटलं, कोर्टासाठी लिहिलेलंच नाही. या एका कलमाची तमिळ प्रत त्यांनी आजच टपालानं विनुताला पाठवावी, वेंकटरावाला न विचारता. तिनं यावं आणि यंत्र माझ्या हातातून घ्यावं. मी गेल्यावर आली तर तिला देऊ नये. मला तिची माफी मागायची आहे, आणि ती मेल्यावर मागता येत नाही.

वरचं सगळं मी स्वतःच्या हातानं लिहिलं, वाचून पाहिलं, आणि एकही शब्द मागं घेत नाही.

तंजावूर, दिनांक १४ ऑगस्ट २०२५
(सही) स. वसुमती

आमच्यादेखत सही केली, आम्ही वसुमतीबाईंसमोर सह्या केल्या:
१. (सही) साईराम, औषधविक्रेते, मानंबुचावडी
२. (सही) भुवना, शिक्षिका, मानंबुचावडी