आशा किती, ते सांगताना

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज तुमच्यावर चिडूनच लिहायला बसलेय. दिल्लीतल्या मयूर विहारच्या त्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, एकीकडे आमटीला फोडणी देत, तुम्ही मला स्पॅनिश शिकवलंत. मी कँटोन्मेंटातली, सुभेदाराची मुलगी. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि उठसूट 'एकदम'. आपलं एका 'खूप'मध्ये सगळं भागतं, खूप छान, खूप पाणी. स्पॅनिशमध्ये छानला 'मुय' आणि पाण्याला 'मुचा'. मी छानलाही 'मुचा' लावलं की तुम्ही ओट्यावर पळी आपटायचात. "उचलली जीभ लावली टाळ्याला! किती आहे ते आधी बघ, मग बोल." एकदा मी म्हटलं, "चलता है ना बाई, समोरच्याला कळतं." तुम्ही वही मिटलीत आणि मला घरी पाठवलंत. मेट्रोत रडत गेले मी.

आता गुडगावच्या एका हॉस्पिटलात दुभाषी आहे. डॉक्टरांचं पेशंटला सांगायचं, पेशंटचं डॉक्टरांना, पदरचं काही घालायचं नाही. परवा एक लेक समोर बसलेली, पेरूहून वडिलांना घेऊन आलेली. दुसरं ऑपरेशन करायचं, की म्हातारे विमानात बसू शकतायत तोवर घरी न्यायचं, एवढंच तिला ठरवायचं होतं. आशा आहे का, तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "व्हेरी लिटल." म्हणजे 'मुय पोका', जवळजवळ नाहीच. म्हातारे माझ्याच तोंडाकडे बघतायत. आणि मी म्हणते, "उन पोको." थोडी आहे. चुकून नाही हं बाई, समजून उमजून. तिने वडिलांच्या कपाळाचा मुका घेतला आणि तिथल्या तिथे फॉर्मवर सही केली. डॉक्टर मला थँक यू म्हणाले.

ऑपरेशन उद्या सकाळी ठरलेलं. नोकरी जाईल, जाऊ दे. पण ते टेबलावरच गेले तर? आज सकाळी तिला कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि खरं काय ते सांगितलं. "का?" एवढंच विचारलं तिने. मग आम्ही म्हाताऱ्यांच्या खोलीत गेलो, डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, मी जसंच्या तसं दिलं. म्हातारे म्हणाले, घरी जायचंय. रविवारचं विमान आहे. तोवर दुसरा दुभाषी द्या, असं त्या मुलीने ऑफिसात कळवलंय. बरोबरच आहे तिचं.

पण तो 'का' दिवसभर छळतोय. तुमच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांनी मलाच बाहेर बोलावलं होतं, तुमचं दुसरं इथे कोण होतं? "हफ्ता, ज़्यादा से ज़्यादा दस दिन," म्हणाले. आत आले तर तुम्ही विचारलंत, "काय गं, किती?" सांगलीच्या बहिणीशी तुमचा कितीक वर्षांचा अबोला, तिला एकदा बोलवायचं तुमच्या मनात होतं. मी म्हटलं, "भरपूर वेळ आहे बाई. बऱ्या व्हा, मग आपणच जाऊ." तुम्ही हसलात, म्हणालात, मग राहू दे, इतक्यात नको कळवू. सहाव्या दिवशी तुम्ही गेलात.

सातव्या दिवशी त्या आल्या, तुमच्या बहीण. अजून आहेत, सांगलीतच. हे पत्र खरं तर त्यांना जायला हवं. पत्ता आहे माझ्याकडे, पण हिंमत नाही. तेव्हा दारातच त्यांनी विचारलं होतं, "मला बोलवलं का नाही तिने?"

मी म्हटलं, "त्याच नको म्हणाल्या."