मुशीच्या अंगावरचा माझा आहेर

वडीगोद्री

ती. अण्णासाहेब दाजींच्या चरणी मेहुणा रखमाजीचा दंडवत. केदारखेड्यास दुर्गाक्का सुखरूप असेल, आणि आपला गुडघाही (जो कामाला उठताना दुखतो, पंगतीला बसताना दुखत नाही) बरा असेल. आमचं विचारू नका. पाइपांचं दुकान बंद ठेवून मी कोकणात जाऊन आलो. अंगाचा वास अजून गेलेला नाही आणि चांगुणाबाईंनी माझं अंथरूण ओसरीवर टाकलंय.

भाचीनं, आपल्या दैवशालेनं, या पार्थचा हट्ट धरलाय आणि आपल्या मनात जालन्याचा सळयांचा व्यापारी बसलाय. तेव्हा नकाराला चांगलं कारण शोधून आणण्यासाठीच आपण मला धाडलंत, हे मला कळत होतं. कारणं पोतंभर मिळाली. मुलगा जांब समर्थचा, घरात अंडंही शिजत नाही, आणि नोकरी काय, तर मच्छीमारांच्या जाळ्यात चुकून आलेल्या मुशी, म्हणजे शार्क, मोजायच्या! धरायच्या नाहीत, विकायच्या नाहीत, खायच्या तर नाहीतच. (इकडे म्हैस अडली तर डॉक्टर सापडत नाही, आणि तिकडे माशांच्या मोजणीला पगारी माणूस!)

मी गेल्यावर त्यानं रीतीप्रमाणे माझ्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर नवा टॉवेल टाकला, पाया पडायला वाकला, आणि फोन वाजला. वाकलेला तसाच पळाला. कुठं आग लागली म्हणून मीही मागे धावलो, तर वाळूवर वसंता नावाचा एक होडीवाला फाटक्या जाळ्याला शिव्या घालत उभा. काठाला मासळी राहिली नाही म्हणून हा एवढीशी होडी घेऊन फार खोल पाण्यात जाळं टाकतो, आणि त्यात ही बया अडकली. राखी अंग, मांजरासारखे हिरवे डोळे, जन्मात ऊन न पाहिलेली. अशी मुशी क्वचितच कोणाच्या नजरेस पडते म्हणे. बाजारात तिला गिऱ्हाईक नाही, आणि पार्थही पैसे देईना. का, तर पैसे मिळतात म्हटल्यावर लोक मुद्दाम धरतील! चिक्कूपणाला इतकं देखणं कारण मी आजवर ऐकलं नव्हतं.

"सोडून द्या की मंग जल्दी," मी म्हणालो. तर म्हणे, एवढ्या खोलातून वर ओढल्यावर ती जगत नाही. मग इतकं शिकून उपयोग काय? वर त्यानं माझ्या खांद्यावरचा टॉवेल न विचारता ओढला, समुद्रात भिजवला आणि तिच्या अंगावर पांघरला. मामाचा मान मुशीला! मी चांगला झाडणार होतो, पण तेवढ्यात तिचं पोट दिसलं. दावणीची जनावरं पाहण्यात जन्म गेला माझा.

"अरे, गाभण हाये ही!"

"हौ मामा," तो म्हणाला. "मह्या ध्यानात आलंय. पन आता कायीच करता येत न्हाई."

तरी ती शांत होईपर्यंत तिच्यावर पाणी ओतत बसला. मग मापं घेतली आणि (खुशाल हसा) डोळे पुसले. मग नव्या शर्टानिशी वाळूत बसून वसंताचं जाळं शिवायला लागला. पगार, शेती, काही विचारायची सोय नाही. असला पाया अर्धवट पडणारा, पाहुण्याचा टॉवेल ओढणारा, माशासाठी रडणारा जावई मला बिलकुल पसंत नाही.

आपला,
रखमाजी

ता. क. – हे वाचून नकार कळवाल. कळवू नका. मी तिथंच होकार देऊन आलो. पोर आपल्यापासून फार लांब जाणार, दाजी. उद्या ती आजारी पडली, तर हा तिच्या उशापासून हलायचा नाही. सळयांवाल्याचं मला सांगता येत नाही. दुर्गाक्काची समजूत आपण घालावी, आणि आपली आक्कानं.

ता. ता. क. – लग्नात मला टॉवेल-टोपी करू नका. टोपी घरी आहे. टॉवेल पार्थ धुऊन द्यायला निघाला होता, मीच म्हणालो, राहू दे तिच्या अंगावर.