सातवी सूचना

प्रिय ठमी,

आपल्या परसाच्या सुधारणेचा तुझा आराखडा मी लाल शाईचे एक वर्तुळ काढून परत धाडला, त्याला आज पाच आठवडे झाले. तेव्हापासून तुझा फोन नाही. तू रुसली आहेस हे माझे अनुमान; तुला रुसण्याचा अधिकार आहे की नाही, हे या पत्रात ठरवायचे आहे. चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने स्वतःच्या नातीशी वाद अर्ध्यावर सोडावा, हे मला शोभत नाही. आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. माझ्या पत्राखाली तुझी आत्याआजी नेहमी आपल्या दोन ओळी खरडते. या वेळी त्या नसतील. कारण ओघात येईल.

प्रथम माझे जे आक्षेप अजून उभे आहेत ते. जुन्या टायरांना पिवळा रंग फासून त्यांत फुलझाडे लावणे मला किळसवाणे वाटते. झाडांना दिव्यांच्या माळा गुंडाळणे, पांढरे गोटे आणून पसरणे, त्यांतून पाणी खेळवणे, हेही तसेच. शेजारच्या निवृत्त दंतवैद्यांनी हे सगळे करून पाहिले आहे. त्यांच्याकडे प्लास्टिकचे गवत आहे. परिसरातल्या यच्चयावत मांजरांनी ते आपले शौचकूप ठरवले असून, दंतवैद्य रोज सकाळी नाकाला रुमाल बांधून ते गवत फिनेलने धुतात. कोपऱ्यात सिमेंटचा एक बेडूक तोंडातून पाणी ओकत असतो. त्या पाण्याला जो दर्प येतो त्याचे वर्णन मी टाळतो. ‘माणसांचे दात नीट करता करता याला बागेलाही कवळी बसवावीशी वाटली,’ असे अक्का, म्हणजे तुझी आत्याआजी, म्हणते, आणि या मताला मी काहीही जोडू इच्छित नाही.

परंतु प्रामाणिकपणे पाहता आपले परस तरी काय होते? मी त्याला ‘नैसर्गिक’ म्हणत आलो. त्या शब्दाआड मी काय काय झाकले होते, ते गेल्या दोन आठवड्यांत उकिडवा बसून खरवडताना कळले. लिंबाखाली कुजलेल्या लिंबांचा काळा चिखल. खतखड्ड्याला झाकण नाही, म्हणून माशा. पाण्याची टाकी रोज वाहते, म्हणून फरशांवर बोटभर शेवाळ, आणि त्यावर गोगलगायींच्या चकचकीत लाळेच्या रेघा. हात साबणाने तीनदा धुतले तरी तो बुळबुळीतपणा बोटांवरून जात नाही. अक्का कित्येक वर्षे सांगत होती, ‘बाळ, तुझं तर्कशास्त्र त्या खड्ड्यात टाक, कुजलं तर खत तरी होईल.’ शहात्तराव्या वर्षी मला ‘बाळ’ म्हणणारी ती एकटीच उरली आहे, म्हणून मी ते ऐकून घेत असे. ऐकून घेणे आणि ऐकणे यांत भेद आहे.

आता त्या वर्तुळाविषयी. तुझ्या आराखड्याचे दुसरे वाक्य असे होते: ‘आजोबा आणि आत्याआजी यांना दररोज सकाळ-संध्याकाळ परसाकडे बसून निवांत गप्पा मारता याव्यात, हा या सुधारणेचा हेतू आहे.’ परक्या भाषेत शिकलेल्या मुलीने आजोबांसाठी मुद्दाम मराठीत लिहिले, हे मला दिसायला हवे होते. दिसला तो शब्द. माणूस परसाकडे ज्या कामासाठी जातो ते काम दोघांनी वेताच्या खुर्च्यांत बसून गप्पा मारत करायचे नसते. मी मोठ्याने हसलो, वर्तुळ काढले, खाली लिहिले, ‘ज्याला शब्द कळत नाही त्याने जागेला हात लावू नये,’ आणि पुढचे एक पानही न वाचता लिफाफा बंद केला.

हेत्वाभास शिकवताना मी दरवर्षी एक उदाहरण देत असे. एखादा बोबडा ‘घलाला आद लागली’ म्हणून ओरडत आला, तर आधी त्याचा उच्चार सुधारायचा की पाणी आणायचे? वर्ग हसायचा, मीही हसायचो. सांगणाऱ्याची भाषा चुकली म्हणून त्याचे सांगणे चुकत नाही, हे मी चौतीस वर्षे फळ्यावर लिहिले, आणि घरात ते विसरायला मला एक शब्द पुरला.

तू आत्याआजीला मोठ्या अक्षरांतली वेगळी प्रत पाठवली होतीस, हे मला ठाऊक नव्हते. ती तिच्या चष्म्याच्या घरात चार घड्या घालून ठेवलेली सापडली. तुझी सातवी सूचना मी प्रथम तेथे वाचली: ‘टाकीजवळच्या शेवाळलेल्या फरशा काढून खरबरीत फरशी बसवावी व दारापासून खतखड्ड्यापर्यंत धरायला कठडा करावा. आत्याआजी रोज तिकडे साली टाकायला जाते. हे सर्वांत आधी करावे.’ ‘सर्वांत आधी’खाली तू दोन रेघा ओढल्या आहेस.

चष्म्याचे घर मी का उघडले, ते आता सांगतो. दोन आठवड्यांपूर्वी, गुरुवारी सकाळी, अक्का टाकीजवळ घसरून पडली. पाऊण तास ती तेथेच पडून हाका मारत होती. मी आत, खिडकी लावून, वर्तमानपत्राच्या संपादकांना त्यांच्या शुद्धलेखनाविषयी पत्र लिहीत होतो. बाहेर आलो तेव्हा तिच्या बाहीवर गोगलगाय चढलेली होती. उजवे मनगट मोडले आहे, खुब्याला जबर मुका मार आहे. तिला डॉक्टरांकडे नेताना चष्मा घ्यायला म्हणून मी ते घर उघडले. तुझ्या वडिलांचा फोन आला तेव्हा दोन्ही रविवारी मी ‘अक्का झोपली आहे’ असे सांगितले. मला सर्वांत जास्त किळस या वाक्याची येते. हाडांच्या डॉक्टरांनी तिला सहा आठवडे एकटीने उठायला बंदी केली आहे, त्यामुळे दररोज सकाळ-संध्याकाळ मीच तिला हाताला धरून, शब्द नेमका वापरतो, परसाकडे नेतो. दाराबाहेर मी उभा असतो आणि आतून ती गप्पा मारते. काल म्हणाली, ‘पोरीचा हेतू तरी सफल झाला, बाळ. कळव तिला.’ म्हणून हे पत्र. तुझ्या वडिलांना आजच फोन करतो. तू आराखडा घेऊन ये, सातव्या सूचनेपासून काम सुरू कर. टायरांविषयी नंतर भांडू. आणि तो शब्द बदलू नकोस. वर्तुळ माझे चुकले.

तुझाच,
पूर्वपक्ष न वाचता निकाल देणारा,
आजोबा