पुलाचा अधिकृत फोटोग्राफर

३ फेब्रुवारी
नोकरी लागली. नोकरी नव्हे, नेमणूक. नदीवरच्या नव्या पुलाचा अधिकृत फोटोग्राफर. मेहुणा तिथे प्रोजेक्ट मॅनेजर आहे, हा निव्वळ योगायोग. बँकेच्या काउंटरमागे माझ्यातला कलावंत वर्षानुवर्षं गुदमरत होता, हे त्याला अखेर कळलं. बायको म्हणते, ते तिनेच त्याला फोन करून कळवलं, कारण मी रिटायर झाल्यापासून दिवसभर तिच्या पायात येतो.
काम सोपं. कामगारांचे आणि यंत्रांचे फोटो काढून दर आठवड्याला ऑफिसला पाठवायचे. पण मी पुढचं बघतो. पूल उभा राहील तेव्हा पुस्तक निघेल. आर्ट पेपर. कव्हरवर माझं नाव.
संकल्प: रोज सूर्योदयाला साइटवर हजर.

४ फेब्रुवारी
पोचलो तोवर सूर्योदय उरकला होता. दहाचा प्रकाशही तसा वाईट नसतो.
हेल्मेट मोठं मिळालं. कॅमेऱ्याला डोळा लावला की नाकावर येतं. कामगारांना सांगितलं, माझ्याकडे बघू नका, मी इथे नाहीच असं समजा. त्यांनी ते फारच मनावर घेतलं. दोनदा सळई डोक्यात बसता बसता राहिली.

११ फेब्रुवारी
ट्रायपॉडचा पाय ओल्या काँक्रीटमध्ये रुतला. फोरमन जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात माझ्या आईचा उल्लेख होता, आदरपूर्वक नव्हता. पाय निघाला, खालचं रबर आत राहिलं. म्हणजे पुलात माझा अंश आहेच.
कामगार मला ‘फ्लॅश’ म्हणू लागलेत. टोपणनाव देतात म्हणजे आपलं मानतात. फोरमनचा खुलासा: एकदा चमकतो आणि गायब होतो.

२ मार्च
चेहरा सापडला! मोठ्या क्रेनचा ऑपरेटर. पन्नाशीचा, सगळे त्याला मामा म्हणतात. उन्हाने रापलेला, गालावर खळगे, पोर्ट्रेटसाठीच घडवलेला. आज केबिनमध्ये चढू दिलं, थर्मासमधला चहा दिला. मी त्यांना छायाप्रकाशाबद्दल बरंच सांगितलं. मामांना त्यातलं काही कळत नाही, पण ऐकून घेतात. घरी ही सोय नाही.

१९ मार्च
मामा म्हणाले, साहेब, माझे पुरे झाले, आता हिचा एक काढा. ‘हिचा’ म्हणजे क्रेनच्या हुकाच्या तारेचा. जुन्या दोरीसारखे धागे सुटून बाहेर आलेत. ऑफिसात सांगून सांगून तोंड दुखलं, वर मान करून कोणी बघत नाही. फोटो टेबलावर आला तर बघावाच लागेल.
मी समजावलं की तारेच्या चेहऱ्यावर भाव नसतात. म्हणाले, तुटली की येतील. आमच्या चेहऱ्यावर.
काढला एक. मन राखायला.

२२ मार्च
आठवड्याचे फोटो पाठवले. मावळतीचे अप्रतिम आलेत, त्यामुळे तारेला जागा उरली नाही. मामांनी विचारलं, पाठवला ना? हो म्हटलं. एवढ्यातेवढ्यासाठी त्यांचा हिरमोड कशाला. पुढच्या आठवड्यात पाठवणार, नक्की.

६ एप्रिल
तार तुटली. भर दुपारी. सळयांचा अख्खा पिंजरा खाली आला. सळया बांधणाऱ्या एकाचा पाय गुडघ्याखाली चेंगरला.
मी चहाला गेलो होतो. धावत आलो तर मामा खाली उतरून त्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले. त्याच्याशी सारखं बोलत होते, झोपू नको रे, माझ्याकडे बघ. मी कॅमेरा उचलला. फोरमनने हाताने खाली दाबला. या वेळी शिवीसुद्धा दिली नाही.
रात्री दोन वाजेपर्यंत लेन्स पुसत बसलो. चहा कमी करायला हवा.

८ एप्रिल
मेहुणा घरी आला. एरवी बोलावूनही येत नाही. चौकशी लागली आहे. वरच्यांचं मत असं की तार ठणठणीत होती, ऑपरेटरनेच जास्त वजन उचललं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, भावोजी, त्या तारेचा एखादा फोटो वगैरे नाही ना तुमच्याकडे?
म्हटलं, आहे एक. सुमारच आहे.
त्याने उठून पंखा वाढवला. मग पुस्तकाचा विषय काढला. आर्ट पेपर म्हणाला. कव्हर म्हणाला. स्वतःहून म्हणाला!
स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली होती.

९ एप्रिल
फोटो पुन्हा पाहिला. तटस्थपणे. मांडणी ढिली. प्रकाश सपाट. धागे मात्र एकेक मोजून घ्यावेत इतके स्वच्छ, पण नुसत्या स्वच्छतेने कला होत नाही. मोठे कलावंत आपलं सुमार काम निर्दयपणे काढून टाकतात.
काढून टाकला. कार्डावर जागाही हवीच होती.

१० एप्रिल
मामा आले. वर या म्हटलं, तर चपला चिखलाच्या आहेत म्हणून जिन्याखालीच थांबले. ऑफिस म्हणतं तो फोटो आलाच नाही, उद्या चौकशीला तुम्हीच घेऊन याल ना? मी सांगितलं, मामा, कार्ड खराब झालं. होतं नव्हतं ते सगळं गेलं.
मला वाटलं भडकतील. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. अरेरे, म्हणाले, साहेब, तुमची केवढी मेहनत! यंत्राचं असंच असतं, मनाला लावून घेऊ नका.
जिना चढताना दम लागला. उद्यापासून फिरायला जाणार.

१८ एप्रिल
मामांना काढलं. अहवालात सगळा दोष त्यांच्यावर. आता दुसरं कोणी क्रेन देणार नाही, असं फोरमन म्हणाला. ‘म्हणाला’ म्हणजे माझ्याकडे पाठ करून म्हणाला.
क्रेनला नवी तार बसवली. ऑफिसने तिचे फोटो मागवलेत, सगळ्या बाजूंनी, आजच्या आज. माझ्या कामाची कदर होऊ लागली आहे.

२७ एप्रिल
कॉम्प्युटर रिपेअरवाल्याकडे कार्ड नेलं. केवळ तांत्रिक कुतूहल. पुसलेला फोटो परत आणता येतो का? त्याने तासभर खटपट केली. म्हणाला, त्या जागेवर नवे बसलेत, जुना आता निघत नाही. नवे म्हणजे मावळतीचेच.
बरं झालं, म्हटलं. त्याने विचारलं, मग आलात कशाला?
उद्धट माणूस.

१२ मे
जेवताना बायको म्हणाली, आज हॉस्पिटलात जाऊन आले. पाय गेलेल्या त्या माणसाला बघायला. पाय काढावा लागला, हे मला माहीत नव्हतं. कोणी कळवलंच नाही. मामा तिथेच भेटले म्हणे, रोज जातात. तिला म्हणाले, वहिनी, साहेबांचं फार नुकसान झालं हो, सगळे फोटो गेले.
मग?
मग तिने सांगितलं.
काय सांगितलं?
जे झालं ते, म्हणाली आणि भात वाढला.
मामा काय म्हणाले, असं मी विचारलं. पिशवी उचलली आणि गेले म्हणे.
ते जाब विचारायला येणार, हे उघड आहे. उत्तराची तयारी केली. एक, दबाव. दोन, कुटुंब. तीन, तसाही एका फोटोने काय फरक पडला असता? तिसरा मुद्दा बिनतोड आहे.

३० मे
मामा आले नाहीत. मुद्दे पाठ आहेत.

५ डिसेंबर
पुस्तक आलं. आर्ट पेपर खरंच आहे. कव्हरवर पूल आहे, पण कॉम्प्युटरवर काढलेला. दोन्ही काठांवर अशी झाडं, की तशी इथे कधी नव्हती. आतले फोटो बाहेरच्या एजन्सीचे, आकाशातून घेतलेले. वरून माणसं दिसतच नाहीत. शेवटच्या पानावर आभार: ‘स्थानिक छायाचित्रकार’. नाव नाही. स्थानिक छायाचित्रकार मी एकटाच, तेव्हा ओळखणारे ओळखतील.
मेहुण्याला फोन केला. मीटिंगमध्ये आहे म्हणाला. बायकोला पुस्तक दाखवलं. तिने ते उघडलं नाही. त्यावर गरम पातेलं ठेवलं.

६ डिसेंबर
पुलाचं उद्घाटन. आमंत्रण नव्हतं, पण कलावंताला आमंत्रण लागत नाही. आकाश सकाळपासून गच्च भरलेलं, मेलेला उजेड, सावलीसुद्धा पडत नव्हती. फीत कापली, भाषणं झाली. पाहुणे गेल्यावर रस्ता लोकांसाठी खुला केला, तेव्हा मी पलीकडच्या टोकापर्यंत चालत गेलो.
तिथे एका टेम्पोत विटा भरत होते. भरणाऱ्यांत मामा. केस पार पांढरे झालेत. चेहरा आता तर फारच सुंदर. मी सवयीने कॅमेरा वर केला. त्यांनी हातातल्या विटा खाली ठेवल्या, सरळ उभे राहिले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी बटण दाबलं नाही. मुद्दे आठवून पाहिले, एकही आठवेना. शेवटी मीच हाक मारली, मामा, ओळखलंत का?
त्यांनी विटा उचलल्या आणि पाठ फिरवली.
त्यांच्या डोळ्यांवर ऊन आलं असावं.